बोगनवेलीच्या नावात नसलेली बाई

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने अंगण करपून जाते. मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागते, जास्वंदीची पाने मलूल होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपाउंडच्या भिंतीवरची बोगनवेल अशी पेटते की रस्त्याने जाणारा मान वळवून पाहतो. तिला कोणी मुद्दाम पाणी घातलेले नसते. शाळेचे फाटक, सरकारी दवाखान्याचे आवार, कब्रस्तानची भिंत, महामार्गाचा दुभाजक, कुठेही ती दिसते. इतकी दिसते की ती इथलीच असे आपण धरून चालतो. नावही कसे अस्सल मराठी वाटते! जाईची वेल, मधुमालतीची वेल, तशी ही बोगनची वेल.

प्रत्यक्षात हे एका फ्रेंच दर्यावर्दी कप्तानाचे आडनाव आहे. बूगँव्हिल. त्या आडनावाचे शेपूट आपल्या जिभेवर येता येता ‘वेल’ झाले. गंमत अशी की ती खरी वेलही नाही. काकडीसारखे तिला ताणे नाहीत, मनीप्लँटसारखी ती मुळांनी भिंतीला चिकटत नाही. ते एक काटेरी, भरपूर पसरणारे झुडूप आहे. लांबलचक फांद्या शेजारच्या झाडावर टाकायच्या आणि काट्यांनी अडकून वर चढायचे, ही तिची रीत. जिथे बारमाही ओलावा मिळतो तिथे ती वर्षभर हिरवी राहते, कडक कोरड्या जागी काही काळ पाने गाळते. आणि आपण ज्याला तिचे फूल म्हणतो तेही फूल नव्हे. कागदासारखी ती तीन रंगीत पाने आहेत. त्यांच्या मधोमध निरखून पाहिले तर बारीक नळीसारखी तीन पांढरट फुले दिसतील, ती खरी. मुले तिला ‘कागदी फूल’ म्हणतात ते अगदी योग्य आहे. आपल्या परसातली गुलबक्षी आणि शेताच्या बांधावरची पुनर्नवा तिच्याच कुळातल्या. तिच्या रंगीत पानांतला रंग जास्वंदीच्या जातीचा नसून बीटाच्या जातीचा आहे, हेही सांगून ठेवतो.

आता त्या आडनावाची गोष्ट. कप्तान लुई आंत्वान द बूगँव्हिल यांनी ही वनस्पती शोधली नाही. ती गोळा झाली त्यांच्या मोहिमेत, आणि ती गोळा करणाऱ्या दोन माणसांपैकी एक बाई होती. जहाजावर ती पुरुषाच्या कपड्यांत वावरत होती, कारण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रीला मनाई होती. तिचे नाव झान बारे. आमच्या मते बोगनवेलीच्या सगळ्या हकिगतीत जाणून घेण्याजोगे माणूस तीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

झानचा जन्म २७ जुलै १७४० चा, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या ला कोमेल या खेड्यातला. वडील रोजंदारीवर राबणारे. अशा घरातल्या मुलीला त्या काळी अक्षरओळख होणे अवघड, पण झानला सही करता येत होती. पुढे ती फिलिबेर कॉमर्सन नावाच्या डॉक्टरकडे घरकामाला लागली. कॉमर्सन वनस्पतींच्या मागे वेडा झालेला माणूस. त्यांची बायको १७६२ मध्ये बाळंतपणानंतर वारली होती. घर सांभाळता सांभाळता झान त्यांची पाने वाळवू लागली, नमुन्यांच्या चिठ्ठ्या लावू लागली. दोघांचे नातेही मालक-मोलकरणीपुरते उरले नाही, आणि त्या नात्याला लग्नाचे नाव कधी मिळाले नाही. १७६४ मध्ये तिने आपल्या गरोदरपणाची सरकारी नोंद केली तेव्हा बापाचे नाव सांगितले नाही. दोघे पॅरिसला गेले. मूल अनाथालयात दिले गेले आणि वर्षभराच्या आत दगावले. हे सांगायला सुखाचे नाही. पण तिची पुढची हिंमत कुठल्या जमिनीतून उगवली ते यातून कळते.

१७६६ मध्ये कॉमर्सनना राजाच्या वतीने जगप्रवासाला जाण्याचे बोलावणे आले. बूगँव्हिल दोन जहाजे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होते, ‘बुदॉझ’ आणि ‘एत्वाल’. निघण्यापूर्वी डिसेंबरात कॉमर्सननी मृत्युपत्र केले. त्यात झानसाठी ६०० लिव्र एकरकमी ठेवले, आणि सप्टेंबर १७६४ पासूनचा तिचा थकलेला पगार वर्षाला १०० लिव्र या दराने चुकता करावा असे लिहिले. म्हणजे दोन वर्षे तिच्या हाती पगार पडलेला नव्हता! या एका ओळीत त्या घराचा सगळा हिशेब आहे.

फेब्रुवारी १७६७ च्या सुरुवातीला रोशफोर बंदरातून ‘एत्वाल’ निघाले तेव्हा कॉमर्सन यांच्याबरोबर ‘झाँ बारे’ नावाचा एक तरुण नोकर होता. फ्रेंचमध्ये बाईचे ‘झान’ आणि पुरुषाचे ‘झाँ’ यांत एवढाच फरक. कॉमर्सन यांचे सामान एवढे होते की कप्तानाने आपली मोठी खोली त्यांना आणि त्यांच्या नोकराला देऊन टाकली. त्या खोलीला स्वतंत्र शौचकूप होता, आणि शंभराहून अधिक खलाशांच्या जहाजावर झानला जे झाकायचे होते ते त्यामुळे झाकता आले. तरी कुजबुज सुरू झालीच. हा नोकर कधी कपडे काढत नाही, कोणासमोर नैसर्गिक विधीला बसत नाही. जहाजाचा सर्जन विव्हेस याने लिहून ठेवले आहे की विचारणा झाली तेव्हा तिने आपण खोजा आहोत असे सांगून वेळ मारून नेली.

जून १७६७ मध्ये जहाज ब्राझीलच्या रिओ दि जानिरो बंदरात आले. पोर्तुगीज अधिकारी फ्रेंचांकडे संशयाने पाहत होते. बंदरावर उतरलेल्या ‘एत्वाल’च्या पाद्र्याचा खून झाला. कॉमर्सन यांच्या पायाला जुनी जखम होती, ती चिघळली होती. पाय बरा होईपर्यंत जहाजावरच थांबा, असा त्यांना हुकूम होता. तरीही रिओच्या आसपासचे नमुने जहाजावर आले, आणि त्यांत जांभळ्या-गुलाबी पानांची एक काटेरी फांदी होती. कॉमर्सननी तिला कप्तानाचे नाव दिले. वहीत शोधक म्हणून कॉमर्सन आहेत. चिघळल्या पायाने ते स्वतः किती चढले असतील आणि पाठीवर पेटी घेऊन कोण चढले असेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

अंदाज बांधायला आधार पुढच्या मुक्कामाचा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, बर्फात आणि खडकांवर, झान आपल्या मालकामागे चालत होती. अन्न, बंदुका आणि वनस्पतींच्या जाडजूड वह्या तिच्या पाठीवर होत्या. खुद्द बूगँव्हिल यांनी तिच्या धीराची आणि ताकदीची नोंद केली आहे. कॉमर्सन तिला आपले ओझ्याचे जनावर म्हणत, हेही त्याच नोंदीत आहे. लाडाने म्हणत असतील. पण ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला असा लाड कसा वाटत असेल? आपल्या घरांतही लोणचे ‘अमक्यांच्या घरचे’ म्हणून वाखाणले जाते. कैऱ्या कोणी फोडल्या, मसाला कोणी कुटला, हे पाहुणे विचारत नाहीत आणि यजमान सांगत नाहीत.

एप्रिल १७६८ मध्ये जहाजे ताहितीला पोहोचली. बूगँव्हिल यांच्या लेखनानुसार झानने किनाऱ्यावर पाऊल ठेवताच तिथल्या लोकांनी ती बाई असल्याचे ओळखले आणि तिला घाईने जहाजावर परत आणावे लागले. पुढे डोळ्यांत पाणी आणून तिने कप्तानाला सांगितले की आपण अनाथ आहोत, एक खटला हरल्याने दारिद्र्य आले, आणि पुरुषाच्या वेषात आपणच मालकाला फसवून नोकरी मिळवली. जहाज जगाला प्रदक्षिणा घालणार हे ठाऊक होते आणि त्याची उत्सुकता होती, असेही ती म्हणाली. यातले फसवणुकीचे म्हणणे खरे नव्हते. कॉमर्सन तिला चांगले ओळखत होते. सगळा दोष अंगावर घेऊन तिने त्यांना वाचवले. विव्हेसच्या लेखनात मात्र हे सारे वेगळ्या जागी, न्यू आयर्लंड बेटावर उघड होते, आणि तिथे खलाशांनी तिच्यावर केलेली जबरदस्ती आहे. कप्तानाच्या छापील पुस्तकात, जे १७७१ मध्ये निघाले, यातले अक्षरही नाही.

१७६८ च्या अखेरीस जहाजे मॉरिशसला लागली. तेव्हा ते फ्रेंचांचे बेट होते. पुढच्या शतकात आपल्या कोकणातून मराठी बोलणारे मजूर ज्या बेटावर गेले तेच हे. तिथला कारभारी पिएर प्वाव्र स्वतः झाडांचा शौकीन होता. त्याने कॉमर्सनना ठेवून घेतले आणि झानही उतरली. दोघे मादागास्करलाही जाऊन आले. तिथे मिळालेल्या एका झाडाला कॉमर्सननी ‘बारेतिया’ नाव द्यायचे ठरवले. एकाच झाडावर वेगवेगळ्या आकाराची पाने होती आणि झान तर दोन रूपांत वावरलेली, म्हणून तिचे नाव त्याला शोभते असे त्यांना वाटले. पण ते नाव टिकले नाही. तोवर त्या गोत्राला दुसरेच नाव मिळालेले होते.

प्वाव्र फ्रान्सला परतल्यावर कॉमर्सन यांचा आधार गेला. १३ मार्च १७७३ रोजी मॉरिशसमध्ये ते वारले. आठ दिवसांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना सभासद निवडले, कारण मृत्यूची बातमी तिथे पोहोचायची होती. झान परक्या बेटावर एकटी राहिली. पोर्ट लुई गावात तिने एक गुत्ता चालवला आणि रविवारी दारू विकल्याबद्दल दंडही भरला. आमच्या काही वाचकांना हे आवडणार नाही, पण जे घडले ते घडले. १७ मे १७७४ रोजी तिने झाँ द्यूबेर्ना या फ्रेंच फौजेतल्या माणसाशी लग्न केले आणि त्याच्याबरोबर ती मायदेशी परतली. ज्या दिवशी तिने फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवला त्या दिवशी तिची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. इतिहासाला माहीत असलेली अशी ती पहिली स्त्री. त्या दिवसाची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. मृत्युपत्रातले पैसे तिने १७७६ मध्ये मागून घेतले, हे मात्र कागदावर आहे. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिच्या धैर्याची आणि कष्टांची दखल घेऊन वर्षाला २०० लिव्र पेन्शन मंजूर केली. ५ ऑगस्ट १८०७ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती वारली.

कॉमर्सन यांचे हजारो वाळवलेले नमुने पॅरिसला पोहोचले होते. त्यांतल्या रिओच्या काटेरी फांदीचे नाव १७८९ मध्ये आंत्वान लोराँ द जुसिये या शास्त्रज्ञाने छापले, तेही चुकीच्या स्पेलिंगने. ते पूर्ण दुरुस्त व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. कप्तानाच्या नावे आज एक मोठे बेट आहे, एक सामुद्रधुनी आहे आणि जगभरच्या भिंतींवरचे हे झाड आहे. झानच्या नावाने पहिले टिकाऊ झाड झाले ते २०१२ साली! इक्वेडोर आणि पेरूच्या डोंगरांत सापडलेल्या, वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका वनस्पतीला अमेरिकेतल्या एरिक टेपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोलॅनम बारेती’ असे नाव दिले. तिचीही पाने एका आकाराची नसतात, हे त्यांनी मुद्दाम लक्षात घेतले.

वाळवलेली फांदी म्हणजे जिवंत झाड नव्हे. बोगनवेल युरोपच्या बागांत यायला एकोणिसावे शतक लागले, आणि थंडीमुळे ती काचघरांतच राहिली. तिथे माळी तिला चांगली माती, भरपूर पाणी आणि मोठी जागा देत, आणि ती नुसती पाने फुटून वाढत राही. तिला ऊन हवे होते आणि थोडी उपासमार हवी होती. ही गोष्ट कळायला उष्ण देशच लागले. भारतात ती १८६० च्या सुमारास कलकत्त्याला आली असे मानले जाते. पोर्तुगीज, इंग्रज आणि फ्रेंच वसाहतींच्या बागांतून मग ती सगळीकडे पसरली.

तोवर तिचे रंग मोजकेच होते, जांभळ्या आणि गुलाबीच्या आसपासचे. १९१० च्या सुमारास मिसेस बट नावाच्या बाईंना कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत गडद लाल रंगाची बोगनवेल दिसली. त्यांनी ती त्रिनिदादला नेली. तो लाल रंग बागांमध्ये नवाच होता, त्यामुळे ते वाण झपाट्याने जगभर गेले. पेरूकडची एक जात आणि ब्राझीलची एक जात यांचा तो नैसर्गिक संकर होता, आणि आजच्या असंख्य रंगांची ती आजी आहे. वाणाचे नाव ‘मिसेस बट’. बाईंची दखल घेतली, पण तीही नवऱ्याच्या आडनावाने.

या लाल वाणाची आणखी एक खोड आहे. तिच्या एखाद्या फांदीला आपोआप वेगळाच रंग फुटतो. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत असेच झाले. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी-लाल अशी दोन्ही पाने आली. ती फांदी वेगळी लावून ‘मेरी पामर’ हे वाण झाले. नर्सरीत आपण ‘डबल कलर’ म्हणून जी मागतो ती बहुधा हीच किंवा हिची मुलगी ‘थिम्मा’, जिची पानेही हिरवी-पिवळी असतात. भारतातल्या संशोधकांनी या झाडावर इतके काम केले की १९६६ पासून जगातल्या बोगनवेलीच्या वाणांची अधिकृत नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. गव्हावरच्या कामासाठी नावाजलेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी गुलाबाइतकाच बोगनवेलीचा छंद केला आणि तिच्यावर पुस्तक लिहिले.

लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांची नावे ऐकून आम्हाला विशेष बरे वाटले. त्यांत ‘वाजिद अली शाह’ आहे आणि ‘बेगम सिकंदर’ही आहे. ही संस्था ज्या आवारात आहे ते सिकंदर बाग. अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगम सिकंदर महल यांच्या नावाने ती बाग वसवली. नोव्हेंबर १८५७ मध्ये याच बागेच्या चार भिंतींत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले. तिथेच झाडावर चढून पुरुषाच्या वेषात बंदूक चालवणाऱ्या उदा देवींची कहाणी आजही सांगितली जाते. जिथे हे सारे झाले त्याच मातीत आता गॅमा किरणांचा मारा करून बोगनवेलीच्या नव्या रंगांचे प्रयोग होतात.

घरी बोगनवेल लावायची तर एवढे पाहा. गच्चीवर किंवा बाल्कनीत निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत ती फक्त पाने देते. कुंडी फार मोठी नको, पण तळाला भोक हवेच, कारण साचलेले पाणी तिच्या मुळांना चालत नाही. वरची माती कोरडी झाली की पाणी द्या. रंग येत नसेल तर आठवडाभर हात आखडता घ्या, पाने किंचित लोंबू लागली की मग द्या; बहुतेक वेळा कळ्या धरतात. युरियाच्या मागे लागू नका, थोडे शेणखत पुरे. बहर नव्या फुटव्यावर येतो, म्हणून एक बहर संपला की फांद्या तिसरा हिस्सा छाटा. कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नका, तिची मुळे नाजूक असतात. काटे मोठे असतात, त्यामुळे लहान मुलांच्या वाटेत लावू नये आणि छाटताना जाड हातमोजे घालावेत. थिम्मासारख्या वाणाला साध्या हिरव्या पानांचा जोमदार फुटवा आला तर तो मुळापासून काढा, नाहीतर तो सगळे झाड व्यापतो.

नवे रोप करायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या, खालची पाने काढा आणि दोन-तीन डोळे मातीत जातील अशी रोवा. साध्या जांभळ्या, लाल जाती काडीने लवकर धरतात. दुरंगी आणि डबल पाकळीच्या जाती हट्टी असतात, त्यांना गुटी कलम बांधावे लागते. आणि आपल्या जुन्या लाल बोगनवेलीची एखादी फांदी वेगळ्याच रंगाची दिसली तर ती छाटू नका. तिला एक दोरा बांधून ठेवा आणि पावसाळ्यात तिचीच काडी लावून पाहा.